काळा पडदा

"लाईट जायला तासभर बी उरला न्हाय, चांगुणाबाई," दूध संस्थेचे चेअरमन हिंमतराव म्हणाले आणि खुर्चीत मागे रेलले. "तुमच्या डब्याला जरा जल्दी कर म्हणावं."

चांगुणाची नजर टीव्हीच्या पडद्यावर होती. ती शाळेत गणित शिकवायची, आणि पाटीएवढा तो काळा कॉम्प्युटर अख्ख्या ईट गावात तिला एकटीलाच चालवता येत होता. हिंमतरावांनीच तो हौसेने पुण्याहून आणला होता, सोबत पडदा म्हणून टीव्ही आणि प्रोग्राम आत घालायला टेपरेकॉर्डर. आज कॅसेटमधला प्रोग्राम दोनदा अडला आणि तिसऱ्यांदा किंचाळत किंचाळत एकदाचा आत गेला. त्यातच लाईट असण्याचा निम्मा वेळ संपला. बाहेर टँकर उभा होता, आणि संस्थेच्या ऑफिसात दारापर्यंत माणसं दाटली होती.

त्या उन्हाळ्यात टँकर कुठल्या वस्तीवर आधी जायचा ते हिंमतराव सांगत. बौद्धवाडा नेहमी शेवटी, आणि तिथं पोचेपर्यंत टँकरच्या तळाशी गाळ तेवढा उरायचा. मागच्या सभेत यावरून आरडाओरडा झाला, तेव्हा हिंमतरावांनी ऐटीत जाहीर केलं, "मशीनला जात नसती. माणसं किती अन् पाणी किती लांब, एवढं बघून मशीनच क्रम ठरवंल. पण सगळ्यांसमोर, अन् लाईट हाय तवर. न्हाय ठरला तर माझा क्रम." टाळ्या पडल्या. चांगुणानेही वाजवल्या.

मग आठवडाभर ती मनगटावरच्या घड्याळात बघत मशीन पळवत बसली होती. सात वस्त्यांचे जितके म्हणून क्रम होतील तितके ते एकेक करून तपासायचं, आणि मालगाडीच्या चालीने तपासायचं. तिने नको त्या ओळी काढून टाकल्या, लांबलचक आकडेमोड आधीच करून आत घातली. वेळ कमी झाला, पण पुरेसा नाही. शेवटी तिला एक गोष्ट उमगली. मशीनची बहुतेक ताकद टीव्हीवर चित्र टिकवण्यातच जात होती. पडदा बंद ठेवला, तर तेच काम चौपट लवकर उरकायचं.

आज सगळ्यांना दिसावं म्हणून तिने पडदा चालूच ठेवला होता, आणि त्यावर आकडे सावकाश बदलत होते. असंच चाललं तर लाईट आधी जाणार, आणि लाईट गेली की मशीन सगळं विसरणार. हिंमतरावांना ते पुरतं ठाऊक होतं. त्यांनी चहा मागवला.

"थांबवून नव्यानं लावते," चांगुणा म्हणाली. "पडदा बंद करून. टीव्ही काळा दिसंल, पण आत काम चालू राहील."

"काळा?" पुतळाबाई पुढे सरकली. बौद्धवाड्यात चांगुणाच्या शेजारीच तिचं घर. घरात बाळंतीण सून, आणि रांजण कालपासून कोरडा. "मग आमाला काय दिसंल?"

"काहीच न्हाय, आत्या. एकदम शेवटी उत्तर."

"मंग आमी हितं कशाला हुबं हाव? आमच्या वाटचं आजवर जे गेलं, ते नजरंआडच गेलं, पोरी. आता तू बी तसंच करतीस व्हय?"

हे चांगुणाच्या जिव्हारी लागलं. बाकी कुणी बोललं असतं तर तिने समजावून सांगितलं असतं. पुतळाबाईला काय सांगणार? तिने कळ दाबली, आणि टीव्ही काळा झाला.

एकच गलका उठला. "बंद पडलं की!" मागून रेटा आला, टेबल हललं. चांगुणाने मशीनच्या पाठीला लावलेली मेमरीची डबी दोन्ही हातांनी दाबून धरली. ती जराशी निसटली तरी सगळं पुसलं जायचं. तेवढ्यात पुतळाबाईने मशीनच्या वायरीला हात घातला.

"आत्या, ओढू नका! आपलं पाणी जाईल!"

'आपलं' हा शब्द सगळ्यांनी ऐकला. हिंमतराव गालात हसले. पुतळाबाईचा हात वायरीवर तसाच थांबला. तिने वायर ओढली नाही आणि सोडलीही नाही.

डबी बोटांखाली तापत चालली होती. आत काम चाललंय की मशीन खरंच मेलंय, हे आता चांगुणालाही कळायला मार्ग नव्हता.  आपण गणित चुकलो असलो तर? या सगळ्यांसमोर, पुतळाआत्यासमोर? वरचा पंखा जरा मंदावला. सगळ्यांच्या माना वर गेल्या. पंखा पुन्हा फिरू लागला.

आणि टीव्ही उजळला. एका ओळीत सात आकडे. कुठल्या वस्तीचा कोणता नंबर ते समोरच्या फळ्यावर खडूने लिहिलेलं होतं. पडद्यावरचा पहिला आकडा पाच होता. पाच म्हणजे बौद्धवाडा.

हिंमतरावांनी कप खाली ठेवला.

"हे धरायचं न्हाय," ते म्हणाले. "पडदा काळा असताना आत काय झालं, कुणी बघितलं? अन् बाईच म्हणाल्या, 'आपलं' पाणी. परत लावा. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, पडदा चालू ठिवून."

तेवढा वेळ लाईट राहणार नव्हती. चांगुणाला रडू फुटायच्या बेतात होतं, आणि त्याहून जास्त संताप आला. 

पुतळाबाईने वायर सोडली.

"चेअरमनसायब, आजपातूर ह्यो क्रम तुमच्या डोस्क्यात ठरत हुता," ती म्हणाली. "त्यो ठरताना आमाला कवा दिसला?"

 मग पंखा थांबत थांबत थांबला, टीव्ही विझला. बाहेरून टँकरचा ड्रायव्हर सिदू ओरडून विचारत होता, "सायब, कुणीकडं घिऊ?"

हिंमतरावांनी बोलायला तोंड उघडलं. पण दारातली माणसं बाजूला सरून पुतळाबाईला टँकरकडे जायला वाट करून देत होती.