रिकामी खाट

ममताने काळ्या पडद्यावर तीच आज्ञा पुन्हा टाइप केली आणि एंटर दाबलं. नागपूरच्या सर्व्हरने उत्तर दिलं नाही. वाट पाहण्याची वेळ संपली, एवढंच पडद्यावर उमटलं.

शेजारच्या खोलीत खेमसिंग पडला होता. कापसावर फवारणी करता करता तो शेताच्या धुऱ्यावर कोसळला होता. विष अंगात भिनलं होतं, श्वास तुटत होता. या लहानशा दवाखान्यात व्हेंटिलेटर नव्हता. तो कुठे मिळेल, आसपासच्या कोणत्या दवाखान्यात तशी खाट रिकामी आहे, हे सर्व्हरवर कळायचं. फवारणीचे दिवस, फोन लावावा तर सगळीकडचे बिझी.

"ममता, सापडली का खाट?" डॉक्टर दारातून ओरडले.

"बघते, सर."

तिने सर्व्हरला पिंग केलं. उत्तर आलं. म्हणजे लाइन ठीक होती, मशीनही चालू होतं. मग आत शिरायची वाट, म्हणजे पोर्ट, तपासला. बंद. पासवर्ड चुकला असता तर सर्व्हरने निदान नकार तरी दिला असता. हा तर बोलतच नव्हता. तिने सर्व्हर सांभाळणाऱ्या संघदीपला फोन लावला.

"सर्व्हर तं चालू हाय, ताई," तो म्हणाला. "मले इथून सारं दिसून राह्यलं."

"मंग मले काहून नाही दिसत?"

"काल नवीन फायरवॉल बसवली. त्यात बाहेरचा पोर्ट बंद झाला असंल. साहेबाले विचारल्याबिगर मले उघडता येत नाही."

"विचार मंग. पण तुले दिसते ना? तवर वाचून सांग. माणूस मरून राह्यला इथं!"

फोनवर माहिती द्यायला मनाई होती. तरी तो आवाज खाली आणून म्हणाला, "हायवेवरच्या दवाखान्यात एक खाट रिकामी हाय."

ॲम्ब्युलन्स निघाली. बाबुलाल गाडी चालवत होता. मागे खेमसिंगच्या तोंडावर लावलेला श्वासाचा फुगा हाताने दाबत सिस्टर, आणि त्याची बायको तानाबाई. ममता आत येऊन घटाघटा पाणी प्यायली.

थोड्या वेळाने संघदीपचा फोन आला. "साहेबानं परवानगी देल्ली. पाहा आता."

या वेळी जोडणी लगेच झाली. हायवेवरचा दवाखाना, रिकामी खाट एक. पुढे नोंदीची तारीख होती. कालची. तिने बाकीच्या दवाखान्यांच्या नोंदी काढल्या. सगळ्या कालच्याच. पोर्ट बंद झाल्यापासून बाहेरून कोणालाच काही भरता आलं नव्हतं.

तिने बाबुलालला फोन लावला. रेंज नव्हती. पुन्हा लावला. शेवटी त्याचाच आला.

"ताई, इथली खाट तं सकाळीच भरली म्हणते. आता तसेच नागपूरले निघालो."

"खेमसिंग?"

"हाय अजून. सिस्टरचे हात भरून आले. आता तानाबाईच श्वासाचा फुगा दाबून राह्यली."

फोनमधून त्या फुग्याचा आवाज येत होता. दाबला, सुटला. दाबला, सुटला. ममताने फोन कानापासून काढला नाही.