वजाबाकी

दादानं तोंडाभोवती दोन्ही हात धरले आणि खालच्या घळीकडे बघत लांडग्याची हाक दिली. हाक कसली, पायात दावं अडकलेल्या वासराचा हंबरडा! मेंढवाड्याच्या भिंतीला टेकलेले शेजारचे मामा खो-खो हसले. त्यांच्या दोघा जावयांनी सासऱ्यासमोर हसू कसंबसं दाबलं. दोघांच्या हातात फावडी होती, आणि पायाशी वाळक्या गवताचा भारा होता, बिळात धूर करायला.

घळ गप्पच राहिली. दादाच्या शेजारी उभ्या असलेल्या बहिणीचा जीव भांड्यात पडला.

"मला नाही जमत ते," दादा तिच्याकडे वळला. "तू दे."

"दादा, मी यात पडणार नाही. कालच सांगितलं तुला."

"कालच माझी दोन कोकरं गेली. लांडगा ती पोटात भरून नेतो आणि पिल्लांपुढे ओकतो, हे तूच सांगितलंस ना कौतुकानं? तेही मी जेवत असताना?"

सांगितलं होतं. लांडग्यांचा अभ्यास हा तिचा पोटापाण्याचा धंदा, आणि त्यांचं कौतुक हा तिचा दुर्गुण. पिल्लं कुठं आहेत ते शोधायची त्या धंद्यातली जुनी रीत सोपी आहे. दिवस मावळताना लांडग्यासारखी हाक द्यायची आणि थांबायचं. मोठी जनावरं उत्तर देण्याआधी विचार करतात, पिल्लांना मात्र राहवत नाही. गेल्या आठवड्यात तिनं दादाला हौसेनं इथं आणून ते ऐकवलं. घळीतून पिल्लांचा गलका उठला तेव्हा दादा लहान पोरासारखा खूश झाला होता. मग कोकरं जायला लागली, आणि त्याला तोच गलका आठवला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

घळ लांबलचक होती आणि झुडपांनी गच्च भरलेली. नुसती फावडी घेऊन शोधायचं तर आठवडा गेला असता. आवाज आला की मात्र सरळ चालत जाता येत होतं.

"दे गं पोरी," मामा म्हणाले. "लांडगा आला रे आला, असं ओरडणारे पुष्कळ पाहिले. लांडग्यालाच 'ये रे' म्हणणारी तू एकटीच."

दादा हसला नाही. "उत्तर नाही आलं तर पिल्लं इथं नाहीत असं धरतो. फावडी ठेवून घरी जातो. परत या घळीचं नाव काढणार नाही. शब्द देतो."

दादाचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. तिनं मामांकडे पाहिलं.

"त्याचा शब्द तो माझाही," मामा म्हणाले.

तिला हेच हवं होतं. कारण दुपारी, कुणाला ताकास तूर लागू न देता, ती बिळापाशी जाऊन आली होती. जे कधीही करू नका म्हणून ती विद्यार्थ्यांना बजावते ते सगळं तिनं केलं. बिळाच्या तोंडाशी बसली, माती हातांनी चिवडली, घामेजलेला रुमाल आत टाकला. माणसाचा वास आला की आई पिल्लं हलवते. मग ती लांबच्या चढावर पालथी पडून दुर्बिणीतून बघत राहिली. आई आली, रुमाल हुंगला आणि एकेक पिल्लू तोंडात धरून टेकडीपलीकडे नेऊ लागली. तीन खेपा झाल्या. चौथ्यांदा ती आली नाही. तोवर मेंढवाड्यापाशी माणसं जमली होती, म्हणून बहीणही उठून तिकडे गेली. आता ही लांडगीण आपल्याला जवळपासही फिरकू देणार नाही, सगळी मेहनत पाण्यात गेली, याचं तिला रडू आलं. पण पिल्लं वाचली होती.

पिल्लं तीनच असणार. कानाला जास्त वाटली होती, पण लांडगे आवाज असा फिरवतात की दोघांचे चौघे वाटतात. ऐकू येईल त्यातून वजा करायचं, हा तिच्या धंद्यातला पहिला धडा. तिनं तो पाळला होता.

"बरं," ती म्हणाली.

मुद्दाम वाईट हाक देता आली असती. पण दादाला तिची खरी हाक ठाऊक होती, आणि रिकाम्या घळीला भ्यायचं कशाला? तिनं मान मागे टाकली. हाक पोटातून निघाली, चढत गेली, वर जाऊन लांबली आणि सावकाश उतरली. इतकी सुरेख हाक तिनं जन्मात दिली नव्हती. वाड्यातली कुत्री केकाटली. मामा हसायचं विसरले.

बराच वेळ काही नाही.

"झालं," दादा म्हणाला. त्यानं खाली वाकून गवताचा भारा स्वतःच उचलला, परत न्यायला. "चला घरी. शब्द तो शब्द."

तेवढ्यात घळीतून एक बारीक आवाज आला.

एकच. फुटका, मध्येच तुटणारा. बाकीची भावंडं गेल्यावर बिळात एकटं राहिलेल्या पिल्लाचा.

"त्या खडकाखाली," मामांनी बोट दाखवलं.

तिनं दादाचा दंड धरला. "दादा, एकच आहे रे. एकटंच आहे."

"मी शब्द मोडला नाही," दादा म्हणाला. त्यालाही ते जड गेलं, पण त्यानं दंड सोडवून घेतला. जावई पुढे झाले. चौघं घळीत उतरू लागले.

ती तोंडावर हात दाबून उभी होती. पिल्लू तिला उत्तर देतच राहिलं.