शून्यावरचा काटा

माझ्या मुलीच्या दुर्बिणीचे भिंग ज्यात बसायचे, ते पितळी कडे अतिशय पातळ होते. आधीची दोन कडी लेथच्या फिरत्या चकाच्या तीन जबड्यांत दाबली जाऊन वाकडी झाली होती, हे शेवटचे. म्हणून मी त्याच्याच मापाची ॲल्युमिनियमची पकड त्याच छोट्या लेथवर कोरून घेतली होती. ती कड्याला सर्व बाजूंनी सारख्याच ममतेने धरीत असे.

कडे कातून झाले. केसभर वाकडेपणाही काट्याने दाखवणाऱ्या डायलचे टोक त्याला टेकवून मी चक हाताने सावकाश फिरवला. काटा शून्यावरून तसूभरही ढळला नाही!

"अप्पा, जिंकलात!" मुलीने आनंदाने माझे मनगट घट्ट धरले. "आणि म्हणे, आता डोळे साथ देत नाहीत!"

"डोळ्यांचे सोड गं, हात शाबूत आहेत." हर्षाने माझे हृदय धडधडत होते.

तोच काटा हलला. यंत्र बंद होते, चक स्थिर होता. तरी काटा एका लयीत थरथरू लागला.

मुलीचे हसू मावळले. "अप्पा, तुमची नाडी आणि हा काटा... ठोका एकच आहे."

"काहीतरीच तुझे! कडे काढायला तर हवेच." मी उत्साहाने पकडीचा स्क्रू पाव फेरा सैल केला.

काटा मंदावला.

आणखी पाव फेरा. काटा थांबला.

"पाहा, पुन्हा शून्य!" मी म्हणालो.

 मुलीची बोटे माझ्या मनगटावर काहीतरी शोधत होती.