खात्रीची जागा

“खोकं समोर फोडता ना?” तिने विचारलं.

डॉक्टरबाईंनी मान वर केली. इंजेक्शनने गाल भरून घ्यायला येणाऱ्या बायका आधी ‘दुखेल का’ विचारतात आणि मग सुजेची चौकशी करतात. ही बाई पर्स मांडीवर घट्ट धरून बसली होती आणि भिंतीवरची पदवी न्याहाळत होती, जणू ती खोटी निघेल.

“समोरच फोडते. सील बघा, मुदतीची तारीख बघा. खोक्यावरचा स्टिकर घरी न्यायलाही देते.”

चेहरा ओळखीचा होता. बाई वर्षानुवर्षं संध्याकाळच्या बातम्या द्यायची. अलीकडे तिला पहाटेच्या बातम्या मिळाल्या होत्या. त्या वेळी दूधवाला सोडला तर कुणी जागं नसतं. संध्याकाळच्या खुर्चीत आता एक नवी मुलगी बसायची. उच्चार, श्वास, कुठे थांबायचं, सगळं तिला हिनेच शिकवलं होतं. मुलगी हिला अजूनही ताईच म्हणायची.

बदलाचं कारण वरिष्ठांनी सांगितलं नव्हतं. मेकअपवाले काका मात्र तिच्या गालावर पावडरचा आणखी एक हात फिरवताना म्हणाले होते, “ताई, दिवे हल्ली फार कडक झालेत.” दिवे तेच होते.

मग तिने चौकशी सुरू केली. कुणाच्या शब्दावर जायचं नाही असं मनाशी ठरवलंच होतं. एका चकचकीत क्लिनिकमध्ये ओठांबरोबर गालांवर सवलत सांगितली, तेव्हा पाण्याचा पेला येण्याआधीच ती उठली. दुसरीकडे डॉक्टर एका कंपनीचं इतकं गुणगान करू लागला, की याचा मेहुणा तिथे कामाला असावा असं तिला वाटलं. या डॉक्टरबाई तिसऱ्या. त्या फार गोड बोलत नव्हत्या, म्हणून तिचा संशय जरा कमी झाला होता. जरासाच.

डॉक्टरबाईंनी सगळं सावकाश समजावलं. हायल्युरॉनिक अ‍ॅसिड आपल्या शरीरातही असतं, पाणी धरून ठेवतं. त्यापासून केलेली भरायची जेल मात्र सगळी सारखी नसते. ओठाला मऊ लागते, गालाला घट्ट. त्यामुळे सगळ्यांत चांगली कुठली, हा प्रश्नच फसवा. कुठे भरायची आणि कुणाच्या हातून, ते आधी बघायचं.

“आणि हात चुकला तर?”

“ही जेल विरघळवायचं इंजेक्शन असतं. ते ज्यांच्या हाताशी नाही, त्यांचा उंबरासुद्धा चढू नका.”

“चढलं तर काय होतं?”

डॉक्टरबाईंनी तेही सांगितलं. जेल रक्तवाहिनीत गेली तर कातडी पांढरी पडते, मग काळी. क्वचित डोळ्याचा रक्तपुरवठा बंद होतो. तसं झालं तर गेलेली नजर बहुधा परत येत नाही.

“बहुधा,” तिने तो शब्द पुन्हा उच्चारला, बातमीत उच्चारावा तसा.

मग भोंदू लोक कसे ओळखायचे ते तिने विचारलं, तेही खोदखोदून. आता डॉक्टरबाईंच्याच मनात पाल चुकचुकली. त्यांनी तिच्या पर्सकडे पाहिलं.

“तुम्ही बातमी करताय का?”

ती हसली. “पहाटेच्या बातम्या कोण बघतंय?”

निघताना डॉक्टरबाईंनी स्पष्टच सांगितलं, तुमच्या गालांना खरं तर कशाची गरज नाही. तिने आभार मानले, विचार करून कळवते म्हणाली. कळवलं मात्र नाही.

पुढच्या आठवड्यात ती एका शिंप्याच्या दुकानावरच्या पार्लरचा जिना चढली. केस कापायच्या खुर्चीमागे पडदा लावला होता. पडद्याआड पलंग आणि छोटा फ्रिज. मालकीणबाईंनी फ्रिज उघडला. लोणी आणि काकडीच्या शेजारी भरलेल्या सिरिंजा आडव्या पडल्या होत्या.

“यांची खोकी?”

“खोकी कशाला? नुसता कचरा. माल बाहेरून येतो, एकदम ओळखीतला.”

तिने एकेक करून सगळं विचारलं. शिक्षण? त्यावर मालकीणबाई म्हणाल्या, हाताला वळण लागतं, डॉक्टर काय आईच्या पोटातून शिकून येतात? गाल आणि ओठ दोन्हींना एकच सिरिंज चालते. आजार, गोळ्या, अ‍ॅलर्जी असल्या चौकश्यांनी गिऱ्हाईक उगाच घाबरतं.

“विरघळवायचं औषध ठेवता?”

“अहो, आपलं विरघळतच नाही. पक्कं काम.”

बोलता बोलता मालकीणबाईंनी फ्रिजचं दार लावलं. त्यांनीही तिला आता नीट पाहिलं असावं. “तुम्ही टीव्हीवरच्या ना?” त्या हळूच म्हणाल्या. “फोन जरा बाहेर काढून ठेवता?”

तिने फोन काढला, त्यांच्यासमोर बंद केला आणि टेबलावर पालथा ठेवला. पर्सही उघडून दाखवली. आत कंगवा आणि चष्म्याची डबी, बाकी काही नव्हतं. मालकीणबाईंचा जीव भांड्यात पडला.

ती पलंगाजवळ गेली, उशीवरचा डाग पाहिला, पडद्याला पुसलेल्या बोटांचे ठसे पाहिले. हात धुवायला बेसिन कुठे आहे, तेही विचारलं. ते खाली शिंप्याकडे होतं.

“शनिवार दुपार मोकळी आहे?” तिने विचारलं.

“आहे की. पण शनिवारपर्यंत कशाला थांबता? पडा, आत्ताच करून टाकू.”

“माझं नाही करायचं. संध्याकाळच्या बातम्या देते ना, त्या मुलीचं. गाल बसलेले दिसतात म्हणून रडकुंडीला आलीय. चांगली जागा शोधायचं काम तिने माझ्यावरच सोपवलंय.” तिने फोन उचलून पर्समध्ये ठेवला. “मी सांगेन तिथे डोळे मिटून येईल.”