दोरीच्या आत

पंचायतीसमोरच्या मैदानात नाटक बघायला सतरंज्यांवर बसलेल्या सगळ्यांभोवती गौरवीने सुंभाची दोरी टाकली.

"दोरयेच्या भितर ती देवाची राय," ती म्हणाली. "आनी तुमी झाडां."

लोक हसले. "माका काजू कर गे," मागून शंभू ओरडला. "निदान घोटभर हुर्राक तरी मेळात."

"देवाच्या रायेत काजू खंय आसता?" पुढे बसलेली म्हातारी चंद्रावती म्हणाली. "तू किंदळ. उगी रव."

तिच्या शेजारी एकच खुर्ची होती. तीत पंच बाबुराव बसला होता. गावच्या देवराईतून रस्ता नेण्याच्या ठरावावर त्याची सही होती आणि सोमवारी तोडायच्या झाडांवर नंबर पडायचे होते. सकाळी त्याने गौरवीकडे नाटकाची संहिता मागितली होती. संहिता नाही, सुचेल तसं बोलणार, असं तिने सांगितलं.

"आडतिड कायती बोललात तर थंयच बंद करतलंय," तो म्हणाला होता.

गौरवीने दोरी त्याच्या खुर्चीच्याही पुढून नेली होती; तोही रायेतच होता.

कंत्राटदाराच्या माणसाचं काम करणारा देवेश चुन्याचा डबा आणि कुंचला घेऊन आला. खाकी शर्ट, पायांत बूट. तालमीत तो दर वेळी दोरीशी थांबून बूट काढायचा. रायेत अनवाणी जायचं, ही लहानपणापासूनची सवय. "कंत्राटदाराचा माणूस काढतलो?" असं विचारून विचारून गौरवीने ती मोडली होती. आज तो थेट आत शिरला.

मागच्या रांगेपासून तो एकेकाच्या बाहीवर आकडा घालत पुढे आला. सुरुवातीला कोणी गुदगुल्या झाल्यासारखं हसलं. मग हसू कमी होत गेलं. शंभू स्वतःच्या बाहीकडे बघत राहिला.

चंद्रावतीपाशी पोचल्यावर तिने त्याचं मनगट धरलं.

"बूट काड."

"मावशे, नाटक असा गो," देवेश कुजबुजला.

"नाटक तुजा. राय माजी."

हे ठरलेलं नव्हतं. देवेशने गौरवीकडे पाहिलं. तो खाली बसला, नाड्या सोडल्या, बूट दोरीबाहेर ठेवून परत आला.

"आता घाल नंबर," चंद्रावतीने हात पुढे केला. "घाल बघया."

देवेश अनवाणी उभा राहिला. कुंचल्यातून चुना त्याच्याच पायावर ठिबकला. त्याने कुंचला डब्यात टाकला.

बाबुराव उठला. "पुरो जाला. बंद करा ह्या!"

कोणी हललं नाही. चंद्रावतीची नजर खाली गेली. मग शंभूची, मग एकेका रांगेची.

आकडे पडलेली सगळी झाडं बाबुरावच्या बुटांकडे बघत होती.