लोखंडी बैलाची खांदशेकणी

"नळी बाजूला घे गा रविकांत, मले भूक लागली."

नत्थूचा आवाज. रणगाडा थांबला की रोज संध्याकाळी खालून यायचा. चालकाची जागा पुढे, अगदी खाली. तोफेची नळी जरा उजवीकडे राहिली की नेमकी त्याच्या झाकणावर यायची, आणि मग झाकण उघडत नसे. वर बसलेल्या रविकांतनं हातचाकाला दोन फेऱ्या द्यायच्या. नळी सरकायची, झाकण उघडायचं, आणि धुळीनं माखलेलं नत्थूचं तोंड बिळातल्या घुशीसारखं वर यायचं. "तोफेचा मालक तू, अन् माही भाकरही तुह्याच हातात," असं म्हणून तो हसायचा.

पासष्टची लढाई होऊन वर्ष झालं होतं. चांदूर रेल्वेजवळच्या खेड्यात, नत्थूच्या अंगणात, रविकांत खाटेवर बसला होता. अकोल्याहून पॅसेंजरनं मांडीवर धरून आणलेलं गाठोडं अजून मांडीवरच होतं. समोर नत्थूची माय, तानुबाई, पाट्यावर हळद वाटत होती. उद्या पोळा. आज सांजेला बैलांची खांदशेकणी. वर्षभर ज्या खांद्यांनी जू वाहिलं, त्यांना हळद-लोणी चोळायचं आणि उद्याच्या जेवणाचं आवतन द्यायचं.

मागच्या दिवाळीत तो पहिल्यांदा इथं आला, तेव्हा तिनं एकच विचारलं होतं, "लय तळमळला का गा माहा नत्थू?"

"नाई माय. त्याले काही कळलंच नाई."

हे ऐकून तिनं डोळ्यांना पदर लावला. मग भाकर कुस्करून पहिला घास त्याला स्वतःच्या हातानं भरवला. जेवण झाल्यावर तिनं पेटीतून नत्थूचं पत्र काढलं. वाचता येत नव्हतं, पण पाठ होतं. 'माय, माह्याजवळ आता लोखंडाचा बैल हाय. मोठा गुणाचा हाय.'

"मले थो बैल पाह्याचा हाय," ती म्हणाली. "लाकडाचा केला तरी चालते. तुले येते का करता?"

त्यानं करायला घेतला. सागाचं धड कोरलं. सोनार पोकळ मण्यांत भरतात ती राळ पेठेतून आणली, विटकरीची पूड घालून वितळवली आणि ओल्या मातीच्या साच्यांत ओतली. बारा चाकं, ओढायचे आकडे, कुदळ, फावडं, गव्हाएवढ्या कड्या. चाकाला बुडबुडा दिसला की फोडायचा आणि पुन्हा ओतायचा. नत्थूचं झाकण रुपयाएवढं, तारेच्या बिजागरीवर उघडणारं. खाली त्याची बसायची जागा, रणगाडा वळवायचे दोन दांडे, पायाशी पाण्याची बाटलीसुद्धा. राळेच्या धुरानं डोळे वाहायचे. बायको, कुंदा, दारातून म्हणायची, "धुराचं निमित्त कशाला? मोकळं रडून घ्या ना एकदा."

बोरूची नळी त्यानं शेवटी बसवली. कुठं बसवायची याचा विचार करावा लागला नाही, हातांना ती जागा माहीत होती. राळ थंड झाली. नळी पक्की झाली. त्यानंतर त्यानं झाकण उघडून पाहिलं नाही.

आता त्यानं गाठोडं सोडलं. शेजारची पंचफुला कमरेवर घागर घेऊन कुंपणाशी थांबली.

"अवं तानुबाई, बैल म्हणत होती ना तू? हे तं कासव हाय."

"तुह्या घरचे बैल पाह्यले मी," तानुबाई म्हणाली. "कासव पुढं जाईन त्यायच्या."

तिनं रणगाडा पाटावर ठेवला. चाकांवरून बोट फिरवलं, एकेक चाक मोजल्यासारखं. मग पळसाच्या पानावर हळद-लोणी घेतलं.

"याचा खांदा कोठी हाय, बाबू?"

रविकांतनं बोट दाखवलं. "नत्थू अठी बसे."

"मंग हाच खांदा."

तिनं झाकणाला नख लावलं. झाकण जरासं उचललं आणि नळीला अडलं. तिनं पुन्हा उचललं. टक्. पुन्हा. टक्. रविकांतनं दोन्ही हातांनी खाटेची कड धरली.

तानुबाई हसली. अशी ती वर्षात हसली नव्हती.

"शहरातलं लेकरू तू, तुले काय मालूम. आजच्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवत नसतेत, बाप्पा. सरकव थे. माह्या लेकाले बाहीर येऊ दे."

तो पुढे झाला. नळी धरली. राळ हलली नाही. त्याची बोटं हळदीनं पिवळी झाली, आणि नळी तिथंच राहिली.

"माय," तो म्हणाला, "त्याले कळलं होतं."

तिचा हात पानावरच थांबला.

"गोळा लागला. आग लागली. मी वरून उडी टाकली. थो खालून झाकण ठोकत होता, नळी बाजूला घे म्हणत होता. मले ऐकू येत होतं. दोन फेऱ्यायचं काम होतं."

पंचफुलानं घागर खाली ठेवली. तानुबाई त्याच्याकडे पाहत राहिली.

"जू त्याच्या मानेवर तसंच ठेवून मी पळालो, माय."