पुदिन्याचे थेंब

हेमलताने वाटीत खोबरेल घेतलं आणि त्यात पुदिन्याच्या उग्र तेलाचे मोजकेच थेंब टाकून काडीने ढवळलं. ते तेल नुसतं लावलं तर कातडी भाजते, म्हणून पायांना चोळण्याआधी ती रोज नवऱ्याच्या मनगटावर थोडं लावून बघायची. दत्तारामच्या कमरेखालची जाणीव केव्हाच गेली होती. हात मात्र शाबूत होते. पेणच्या कारखान्यातून गणपती घरी यायचे आणि पलंगावर बसूनच तो त्यांचे डोळे रेखायचा.

"गार लागतंय ना? चुरचुरत नाही ना?" तिने विचारलं.

"लावलंस तू?"

आज थेंब कमी पडले असतील, असं तिला वाटलं. तिने आणखी टाकले आणि पुन्हा लावलं. मनगटावर लाल चट्टा उठला, तरी तो नुसता बघत राहिला. तेच बोट तिने स्वतःच्या मनगटावर फिरवलं आणि ती कळवळली. दुखणं वर चढलं तर पुढे इलाज नाही, असं डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं.

तिचा चेहरा बघून तो घाईघाईने म्हणाला, "अगं, आत्ता लागलं गार. बरं वाटतंय."

"वाटणारच," ती म्हणाली. साध्या खोबरेलाने तिने तो चट्टा हलकेच पुसला आणि त्याचा हात घट्ट धरून बसली. खिडकीबाहेर बघत तो उद्या येणाऱ्या मूर्तींबद्दल बोलत राहिला. तिने हात धरलाय, हे त्याला कळलंच नाही.